तुमची बायको काय कमवत होती

देवळात, देशी किराणा दुकानात, कोणाच्या मुंजीच्या पंगतीत लोक मला गाठतात आणि विचारतात, "काका, केस केलीत की नाही?" मी नाही म्हटलं की त्यांचं तोंड असं होतं, जसं काही लॉटरी लागलेलं तिकीट मी चुलीत घातलं. परवा एकजण म्हणाला, "अहो काका, ही अमेरिका आहे. इथे दुकानात पाय घसरला तरी लोक बंगला बांधतात." तो कॉम्प्युटरवाला. शिकलेला. त्याला मी काय सांगणार? मी म्हटलं, "तू घसर आणि बांध."

प्रत्येकाला सांगून सांगून जीभ दुखायला लागली. म्हणून एकदा लिहून टाकतो. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, जन्म गेला नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर व्हॉल्व्ह सोडण्यात. लिहिण्यात चूक झाली तर सोडून द्या.

रिटायर झाल्यावर आम्ही नवरा-बायको इथे मुलाकडे राहायला आलो. हिच्या पित्ताशयात खडे झाले होते. इथे दुर्बिणीनं ऑपरेशन करतात आणि संध्याकाळी घरी सोडतात, तशी सोडली. दोन दिवसांनी पोट फुगलं. अंगात ताप, सरळ उभं राहता येईना. परत नेली. ऑपरेशन केलेला डॉक्टर आला, उभ्या उभ्या पोटावर हात ठेवला, मुलाशी इंग्रजीत बोलला आणि गेला. मुलगा म्हणाला, "आई, गॅस आहे म्हणतात. ऑपरेशनच्या वेळी पोटात हवा भरतात, ती राहिलीय. चालायला सांगितलंय." घरी आणून चालवली. हॉलमध्ये, सोफ्याच्या पाठीला धरून धरून. ती चालली. सांगितलं ते करणारी बाई होती ती. मध्येच थांबून म्हणाली, "गॅस असा नसतो हो." पुन्हा चालायला लागली. दुसऱ्या दिवशी शुद्ध गेली. आतड्याला भोक पडलं होतं आणि विष अंगभर पसरलं होतं. मग त्यांनी सगळं केलं. नळ्या घातल्या, मशीन लावली, पुन्हा पोट उघडलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

मला पैसे नको होते असं मी म्हणणार नाही. पैसे कोणाला नको असतात? पण मला पाहिजे होतं ते वेगळंच. तो डॉक्टर एका खुर्चीत बसावा आणि त्याला कोणीतरी विचारावं, की बाबा, ती परत आली होती, ताप होता, पोट ढोलासारखं झालं होतं, तरी तू तिला घरी का पाठवलीस. आणि उत्तर दिल्याशिवाय त्याला उठून जाता येऊ नये. एवढंच. असं इथे फक्त कोर्टात होतं. हॉस्पिटलात फोन केला तर एक गोड आवाजाची बाई बोलायची, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मुलगा म्हणायचा, आम्हाला डॉक्टरांशी बोलायचंय. ती म्हणायची, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

म्हणून वकील. पहिल्या दोन वकिलांनी फोनवरच सोडलं. मुलगा फोन स्पीकरवर ठेवायचा, मी शेजारी बसायचो. वय विचारायचे. मग विचारायचे, काय काम करत होत्या? मुलगा सांगायचा, होममेकर. त्यानंतर समोरच्याचा आवाज एकदम मऊ व्हायचा. मला इंग्रजी येत नाही, पण आवाज मऊ झाला की नाही म्हणणार हे मला कळतं. नगरपालिकेत साहेब असाच मऊ व्हायचा.

तिसऱ्या वकीलबाई. त्या भेटायला तयार झाल्या. हायवेच्या कडेला काचेची इमारत, तिथे वरच्या मजल्यावर ऑफिस. बाई माझ्याच वयाच्या, कानात मशीन, त्यामुळे जोरात बोलायच्या. मला बरं वाटलं. हॉस्पिटलचे सगळे कागद त्यांनी आधीच मागवून घेतले होते आणि त्यांच्या ऑफिसात कामाला एक जुनी नर्स होती तिच्याकडून वाचून घेतले होते.

त्या बराच वेळ बोलल्या. हातानं टेबलावर दोन डबे असल्यासारखं दाखवत होत्या, एक इकडे, एक तिकडे, आणि एकावर हात दाबून धरत होत्या. त्यांचं झाल्यावर मुलगा माझ्याकडे वळला. "अण्णा, त्या म्हणतात की केस थोडी अवघड आहे."

"एवढंच?"

"हो. म्हणजे कायद्याचं आहे बरंच."

"एवढा वेळ ती तोंड वाजवत होती ते एवढ्यासाठी? नीट सांग."

"अण्णा, घरी गेल्यावर सांगतो ना."

"आईबद्दल बोलली का काही?"

वकीलबाईंना काय कळलं कोण जाणे, त्या मुलाला म्हणाल्या, टेल हिम. एवढं मला समजलं. मग त्यानं टेबलाकडे बघत सांगितलं.

ते असं होतं. या टेक्सासात डॉक्टरच्या चुकीनं माणूस गेलं तर भरपाईचे दोन डबे. पहिल्यात ज्याचं बिल होतं ते सगळं. पगार बुडाला, औषधपाणी, पुढच्या वर्षांची कमाई. या डब्याला झाकण नाही, सिद्ध कराल तेवढं घाला. दुसरा डबा दुःखाचा. माणूस तळमळलं, नवरा एकटा पडला, पोरं पोरकी झाली, ते सगळं त्यात. त्या डब्यावर कायद्यानं झाकण घातलंय. दुःख कितीही असो, आकडा ठरलेला, त्याच्या वर ज्युरीसुद्धा जाऊ शकत नाही. आकडा मी इथे लिहीत नाही, लोक तोच धरून बसतात. आता केस चालवायची म्हणजे दुसरे मोठे डॉक्टर साक्षीला आणावे लागतात, त्यांची फी वकिलानं आधी खिशातून भरायची आणि जिंकल्यावर वसूल करायची. तो खर्चच झाकणाला जाऊन भिडतो. म्हणून ज्याचा पहिला डबा रिकामा, त्याची केस कोणी घेत नाही.

"आणि आईचा पहिला डबा रिकामा," मी म्हटलं.

"तसं नाही म्हणाल्या त्या."

"मग कसं म्हणाल्या?"

"घरकामाचं थोडंफार धरतात म्हणाल्या. पण या वयात ते फार होत नाही." मग तो म्हणाला, "त्यांनी विचारलंय, तुमची बायको काय कमवत होती?"

मोठा इंजिनिअर मुलगा, दोन मुलांचा बाप, आणि हे विचारताना तो हातातले कागद उगाच उलटसुलट करत होता. मला त्याचा राग आला नाही. वकीलबाईंचाही आला नाही. त्यांनी काही कायदा केलेला नाही. कुठल्या तरी सभेत कोणी तरी हात वर करून केला असेल, डॉक्टर लोकांवर फार केसेस होतात म्हणून. होतही असतील. मला काय माहीत.

तेवढ्यात मुलाच्या डोक्यात आलं. तो घाईघाईनं इंग्रजीत बोलायला लागला आणि मधूनच मला म्हणाला, "अण्णा, आई बाळंतपणं करायची ना!"

हे खरं होतं. आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, आणि पुढच्या दोन-तीन सबडिव्हिजनांत जी मराठी पोरं-पोरी नोकरीला आलेली, त्यांच्याकडे बाळ झालं की हिला बोलावणं यायचं. कोणाच्या आईला व्हिसा मिळत नाही, कोणाची सासू येऊन पंधरवड्यात परत. मग ही जायची. सकाळी मी सोबत चालत जायचो, पिशवी धरून. पिशवीत तेल, वेखंड, ओवा, बाळंतशोपा. इथल्या बाथटबमध्ये ती प्लास्टिकचं बुटकं स्टूल टाकायची, पाय लांब करून बसायची आणि पोर नडगीवर पालथं घेऊन असं चोळायची की ते रडायचं विसरायचं. पोराचा बाप दारात मोबाईल धरून उभा. "मावशी, सेफ आहे ना? डॉक्टर म्हणाले स्पंज बाथ करा." ही म्हणायची, "तुला कोणी स्पंजानं पुसलं होतं का रे? मग सर, उजेड अडवू नको."

एकदा धुरी दिली तर छतावरचा अलार्म बोंबलायला लागला आणि आगीचा बंब आला. चांगले धिप्पाड लोक, डोक्यावर टोप घालून, आणि ही निखाऱ्याचं घमेलं घेऊन उभी. त्यांना डिंकाचे लाडू दिले. एकानं दोन खाल्ले. पुढे धुरी गॅरेजमध्ये, दार अर्धं उघडं ठेवून.

पण पैसा घेतला नाही. कोणाकडून नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी ओटी भरायची, खण, नारळ, मूठभर तांदूळ. ते घ्यायची. एका नागपूरच्या पोरीनं ओटीच्या तांदळात पाकीट लपवलं होतं. घरी येऊन उघडल्यावर हिचा चेहरा उतरला. तशीच चप्पल घालून परत गेली, पाकीट त्या पोरीच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "मावशी म्हणतेस ना? मग हे कशाला?" ती पोर रडली. मग दोघींचं गूळपीठ जमलं, ती गोष्ट वेगळी.

हे असं का, ते मला माहीत होतं. मुलाला नव्हतं. हिची आई त्यांच्या गावात हेच काम करायची, पोटासाठी. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, पोर चोळायचं, आणि परतताना पसाभर धान्य आणि उरलेलं कालवण. मागच्या दारानं जायचं, मागच्या दारानं यायचं. ही लहानपणी आईसोबत जायची आणि मागच्या पायरीवर बसायची. आत पोरीबाळी खेळत असायच्या, हिला आत बोलवायचे नाहीत. लग्न झाल्यावर तिनं मला हे एकदा सांगितलं आणि पुन्हा कधी काढलं नाही. अमेरिकेत आली, पहिल्यांदा एका घरातून बोलावणं आलं, तर त्या घरच्या पोरानं पुढचं दार उघडून "या मावशी" म्हटलं. घरी येऊन मला म्हणाली, "पुढच्या दारानं गेले." त्यानंतर पैशाचा विषय संपला.

हे लिहू की नको असं पुष्कळ झालं. लिहितो. तिच्या आईनं काम केलं होतं, चोरी नाही. मी स्वतः जन्मभर मजुरी घेतली, मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण तिला वाटत होता, आणि तो तिचा होता.

तर वकीलबाईंनी मुलाला विचारलं, पैसे घेत होत्या का? सांगणारं कोणी आहे का? असेल तर घेऊन या. बाई काही खोटं बोला म्हणाल्या नाहीत. साधं विचारलं. पहिल्या डब्यात घालायला काही असलं तर माझ्या भागीदारांपुढे मला बोलता येईल, म्हणाल्या. मुलानं मला न विचारता हो म्हटलं.

घरी आल्यावर त्यानं त्याच नागपूरच्या पोरीला फोन केला. तिला दुसरं बाळ झालेलं होतं, त्यालाही हिनंच न्हाऊ घातलेलं. ती लगेच तयार. संध्याकाळी घरी आली, बाळ कडेवर. "काका, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी सांगते ना, दर आठवड्याला कॅश देत होते म्हणून. काय चेक करणार आहेत ते?"

"तू दिलेस का?"

"द्यायला गेले होते की. मावशींनी घेतले नाहीत हा त्यांचा प्रॉब्लेम." मग तिचे डोळे भरले. "काका, त्या माणसाला तसंच सोडायचं का? माझ्या दोन्ही डिलिव्हरीत माझ्या आईपेक्षा जास्त केलंय त्यांनी. एवढं खोटं बोलले तर देव काही करत नाही मला."

मला ती खुर्ची दिसत होती, डॉक्टर बसलेला. मी गप्प राहिलो की घरातले हो समजतात.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं आणि बाळ असे गेलो. मुलगा गाडी चालवत होता, ती पोर मागे बाळाच्या सीटशेजारी बसून रस्ताभर पाठ केल्यासारखं पुटपुटत होती. मुलगा मध्येच म्हणाला, "फार डिटेल नको देऊ." ती म्हणाली, "हो दादा, मला माहीत आहे, मी इंटरव्ह्यू घेते लोकांचे."

वकीलबाईंनी बाळाला आधी बोट धरू दिलं. मग पेन उचललं आणि तिला विचारलं. तुम्ही त्यांना कामाचे पैसे देत होता?

ती म्हणाली, "येस."

मग बाईंनी आणखी काही विचारलं. किती, कसे, असं असणार. त्या पोरीनं मुलाकडे बघितलं. बाई लिहायला लागल्या. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं मी बघितलं. आता तो कागद होणार. मग तो कोर्टात जाणार, डॉक्टरचा वकील वाचणार, मोठ्यानं, की ही बाई घरोघर पोरं धुऊन पैसे घेणारी होती. आणि माझी बायको तिथं नसणार, पाकीट परत करायला.

"नो," मी म्हटलं. "नो मनी. नेव्हर."

माझं इंग्रजी तेवढंच. पण तेवढं पुरलं.

मुलगा उठलाच. "अण्णा! काय करताय?"

"बस खाली."

"तुम्हाला केस पाहिजे की नको?"

"पाहिजे."

"मग?"

"तिनं घेतले नाहीत. घेतले म्हणून लिहायचं नाही."

ती पोर ओठ चावत होती. "सॉरी काका," म्हणाली, आणि बाळाला घेऊन बाहेर गेली. कोण कोणाची माफी मागतंय ते मला कळेना. वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. रागावल्या नाहीत. मुलाला काहीतरी म्हणाल्या, त्यानं मला सांगायचं नाकारलं, मी पुन्हा म्हटलं तेव्हा सांगितलं. "म्हणतात, इथे बोललात ते बरं केलं, पुढे, तिनं शपथेवर सांगितल्यावर बोलला असतात, तर त्या मुलीचं अवघड झालं असतं." मग म्हणाल्या, मी ही केस घेऊ शकत नाही. दुसऱ्या कोणाला विचारा, पण दुसरेही हेच सांगतील.

मुलगा कागद गोळा करायला लागला. त्याला लवकर निघायचं होतं, डोळे लाल झाले होते. मी उठलो नाही.

"तिला एक विचार."

"अण्णा, झालं आता."

"विचार. म्हणावं, तुमच्या नर्सनं कागद वाचलेत. केस जाऊ दे. काय चुकलं ते मला सांगा."

त्यानं विचारलं. बाईंनी उठून खोलीचं दार लावलं. मग परत येऊन आमच्या बाजूच्या खुर्चीत बसल्या, टेबलाच्या अलीकडे. बोलल्या तेव्हा पहिल्यांदाच हळू बोलल्या. मुलगा एकेक वाक्य झालं की मराठीत सांगत होता, आणि या वेळी त्यानं काही गाळलं नाही. गाळलं असतं तर त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असतं.

"म्हणतात, हे मी कुठे लिहून देणार नाही. मी डॉक्टर नाही... आमच्या नर्सनं वाचलं त्यावरून सांगते. त्या दिवशी त्यांना ताप होता, नाडी जोरात होती. हे त्यांच्याच कागदात आहे... त्या दिवशी पोटाचा स्कॅन करायला पाहिजे होता. केला नाही." इथे मुलगा थांबला. बाई त्याच्याकडे बघत थांबल्या. "म्हणतात, त्यांना घरी पाठवायला नको होतं. ठेवून घ्यायला पाहिजे होतं."

"ठेवली असती तर वाचली असती का?"

"म्हणतात, बहुतेक."

"पुन्हा सांगायला सांग."

त्यांनी पुन्हा सांगितलं. तेच. मी मान डोलावली. त्यांनी हात पुढे केला, मी तो दोन्ही हातांनी धरला. थंड हात होता.

हे ऐकायला मी आलो होतो असं आता लोकांना वाटेल. मलाही लिफ्टमध्ये तसं वाटलं. खालच्या मजल्यापर्यंत टिकलं नाही. ऐकायचं होतं ते ऐकलं, पण सांगणारा माणूस दुसराच. दार लावून, हळू आवाजात, कुठे लिहायचं नाही म्हणून.

पार्किंगमध्ये ती पोर गाडीच्या मागच्या सीटवर बाळाला पाजत बसली होती, म्हणून आम्ही दोघं बाहेर उन्हात उभे राहिलो. मुलगा म्हणाला, "का नाही म्हणालात? एवढंच सांगा." मग मी त्याला त्याच्या आजीचं सांगितलं. पायरीचं, कालवणाचं. तो इथला इंजिनिअर, त्याला वाटायचं त्याच्या आईच्या माहेरी शेती होती. ऐकून तो गाडीच्या बॉनेटला टेकला. चटका बसला असेल, पण हलला नाही. मग म्हणाला, "आई मला का नाही बोलली?"

"तुला पुढच्याच दारातून आणायचं होतं तिला."

"तरी पण अण्णा. आता त्या डॉक्टरला कोणी काही विचारणार नाही."

"नाही विचारणार."

मुलाला मी चुकीचं म्हणालो नाही. तो बरोबर होता. मीही बरोबर होतो असं मला वाटतं, पण रोज वाटत नाही. दुपारी जेवण झाल्यावर सोफ्यावर पडलो की वाटतं, त्या पोरीला बोलू दिलं असतं तर काय बिघडलं असतं. गेलेल्या माणसाला कुठे कोणी पैसे घेतले म्हणून हिणवतं?

नंतर मुलानं डॉक्टरांच्या सरकारी बोर्डाकडे तक्रार टाकली. मी मराठीत सांगितलं, त्यानं इंग्रजीत केलं. त्यांचं उत्तर आलं की तपासलं, कारवाई करण्यासारखं आढळलं नाही. काय तपासलं ते सांगत नाहीत, तेही गुप्त.

तो डॉक्टर अजून ऑपरेशनं करतो. आमच्या ओळखीतल्या एकाचं मागच्या महिन्यात त्यानंच केलं, चांगलं झालं म्हणे. होऊ दे. वाईट असेल असंही मी म्हणत नाही. त्या दिवशी त्याला घाई असेल, किंवा हात ठेवल्यावर त्याला खरंच गॅस वाटला असेल. हेच त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. त्याला ती आठवत तरी असेल का, हे मला कळायला मार्ग नाही. कोर्टात बसवला असता तर शपथ घेऊन, सगळ्यांसमोर, त्याला निदान एकदा तरी तिचं नाव घ्यावं लागलं असतं.